जुनी बंदूक : वारसा, परवाना आणि विस्मरण

प्रास्ताविक

घरातील जुन्या वस्तूंची वाटणी होते तेव्हा जमीन, दागिने, तांब्यापितळेची भांडी यांवरून भावाभावांत वाद होतात. बंदुकीविषयी मात्र बहुधा सर्वांचे मौन असते. ती घरात असावी असे प्रत्येकाला वाटते, परंतु तिच्यासोबत येणारे कार्यालयांचे हेलपाटे कोणालाच नको असतात. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील कोकणातील एका घरात पतीच्या निधनानंतर वृद्ध पत्नीने शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची एकनळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. मुले नोकरीनिमित्त शहरात होती. परवाना आपल्या नावावर करून घेण्यास कोणी पुढे आले नाही व बंदूक परत आली नाही. आज त्या घरातील फडताळात तिची पावती तेवढी आहे. खंडेनवमीच्या दिवशी कोयता, विळी आणि नांगराचा फाळ यांच्या ओळीत ती पावतीही मांडली जाते आणि तिला हळदकुंकू वाहिले जाते.

हा प्रसंग एका घरापुरता असला, तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न व्यापक आहे. जुनी बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते म्हणजे नेमके काय टिकते? लोखंडाची नळी, तिच्यावरील हक्क, तिची आठवण, की केवळ तिची नोंद? प्रस्तुत लेखात कायदा, संग्रहालय, बाजार, घर आणि साहित्य या पाच क्षेत्रांत जुन्या बंदुकीचे काय होते याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. यांपैकी प्रत्येक क्षेत्र बंदुकीचे जतन करण्याचा दावा करते. तथापि प्रत्येक क्षेत्र जतन करताना तिच्यापासून काहीतरी काढून घेते, आणि या सर्वांकडून सर्वाधिक उपेक्षा होते ती बंदुकीच्या नळीसमोर उभ्या असलेल्या माणसाची, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. ‘वस्तूचे चरित्र’ या संकल्पनेची मर्यादा

वस्तूंच्या अभ्यासात इगोर कोपिटॉफ यांचा ‘वस्तूचे सांस्कृतिक चरित्र’ हा विचार महत्त्वाचा मानला जातो. अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या, वस्तूंच्या सामाजिक जीवनाविषयीच्या १९८६ मधील ग्रंथात तो मांडला गेला. माणसाच्या चरित्राबाबत आपण जे प्रश्न विचारतो तेच वस्तूबाबतही विचारावेत, असे कोपिटॉफ सुचवितात. ती कोठून आली, कोणी घडविली, तिच्या आयुष्यात कोणते टप्पे आले, उपयुक्तता संपल्यावर तिचे काय झाले, असे ते प्रश्न होत. वस्तू एका टोकाला विक्रेय माल असते, तर दुसऱ्या टोकाला ती विक्रीबाहेर काढलेली, एकमेव, कधी पवित्र अशी वस्तू बनते, आणि तिचे आयुष्य या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे.

ही मांडणी पैठणीला, तांब्याच्या घंगाळाला किंवा देव्हाऱ्यातील टाकाला सहज लागू पडते. बंदुकीच्या बाबतीत मात्र ती दोन ठिकाणी अपुरी ठरते. पहिली गोष्ट अशी की, बंदूक ही निव्वळ माल नसते आणि निव्वळ पवित्र वस्तूही नसते. ती राज्यसंस्थेच्या परवानगीवर जगणारी वस्तू आहे. तिचे मूल्य बाजार किंवा कुटुंब यांनी ठरविण्याआधी तिचे अस्तित्वच कायद्याने ठरविलेले असते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. घंगाळाच्या चरित्रात घडविणारा, विकणारा आणि वापरणारा आला की चरित्र पुरे होते. बंदुकीच्या चरित्रात चौथी व्यक्ती असते. ती म्हणजे जिच्यावर बंदूक रोखली गेली ती व्यक्ती. तिच्याविना लिहिलेले बंदुकीचे चरित्र हे तिच्या मालकाचेच चरित्र असते. पुढील विवेचनात हे दोन्ही आक्षेप तपासले आहेत.

२. दोन प्रकारच्या पिढ्या

बंदुकीसंदर्भात ‘पिढी’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक माणसांची पिढी आणि दुसरी तंत्राची. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक, मागून काडतूस भरण्याची बंदूक आणि पेटीतून अनेक गोळ्या पुरविणारी रायफल असा तंत्राचा क्रम आहे. हा क्रम सर्वत्र एकाच वेळी पुढे सरकला नाही, आणि तो कोठे मागे राहिला हे पाहिले असता सत्तेचे स्वरूप कळते.

१८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती ब्रिटिश शिपायाच्या तोडीचे शस्त्र द्यावयाचे नाही, हे धोरण दीर्घकाळ राहिले. उठावाच्या आधी ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून असंतोष पसरला, तिच्या नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केलेली आवृत्ती नंतर हिंदी पलटणींना देण्यात आली. त्यामुळे तिचा अचूक पल्ला घटला. ब्रिटिश पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर होती. ब्रिटिशांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी हिंदी पलटणींकडे उतरली. पलटणींच्याही खाली पोलीस होते. इशापूर येथील कारखान्यात .३०३ च्या घडणीवर तयार झालेली .४१० बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी गुळगुळीत नळीची मस्केट हे त्या पायरीचे बोलके उदाहरण होय. बाह्यतः रायफल, प्रत्यक्षात छऱ्यांची बंदूक असे तिचे स्वरूप होते.

म्हणजे वसाहतीच्या व्यवस्थेत जुनी बंदूक ही टाकाऊ वस्तू नव्हती. ती खालच्या पायरीवरील माणसाला मोजूनमापून दिलेली वस्तू होती. खेदाची गोष्ट अशी की, स्वातंत्र्यानंतरही ही उतरंड पूर्णतः मोडली नाही. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ रायफली होत्या. पुढे सैन्याने ७.६२ मि.मी. ची स्वयंभरणी रायफल स्वीकारली आणि .३०३ राज्यांच्या पोलिसांकडे उतरली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर काही पोलिसांच्या हाती हीच .३०३ होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर निरोप दिला. ली-एनफिल्डची घडण ब्रिटिश सैन्याने १८९५ मध्ये स्वीकारली होती हे ध्यानात घेतले, तर एकाच घडणीच्या शस्त्राने सव्वाशे वर्षे सेवा केली असे म्हणावे लागते. या दीर्घायुष्याचे कौतुक वृत्तपत्रांतून झाले. परंतु हे दीर्घायुष्य रायफलीच्या गुणवत्तेइतकेच, ती ज्याच्या खांद्यावर होती त्या शिपायाच्या जिवाला आपण दिलेल्या किमतीचेही मोजमाप आहे, याची चर्चा फारशी झाली नाही.

३. कायद्यातील वारस

शस्त्र आणि परवाना यांची सांगड आपल्याकडे उठावाच्या काळातच घातली गेली. मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी १८५७ च्या अखेरीस शस्त्रे देण्यास नकार दिला. त्यांच्या गावावर फौज चालून गेली आणि अनेकांना फासावर चढविण्यात आले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांच्या १८५८ च्या उठावामागे दत्तकास नाकारलेली मान्यता हे कारण होते, तसेच शस्त्रे जमा करण्याचा हुकूमही होता. त्यांना बेळगाव येथे फाशी देण्यात आली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्र कायद्याने परवान्याचे बंधन देशव्यापी केले आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने आरंभीच्या काळातच या कायद्याविरुद्ध ठराव केले. पुढे अहिंसेचे प्रवर्तक असलेल्या गांधीजींनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा निषेध केला, ही बाब लक्षणीय आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. यात वांशिक भेद नाही, परंतु परवाना हा व्यक्तीचा असतो हे तत्त्व कायम आहे. याचा परिणाम असा होतो की, वारसाहक्काच्या कायद्याने बंदूक मुलाची होते, पण ती बाळगण्याचा अधिकार त्याच्याकडे आपोआप येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी या अडचणीची दखल घेतली. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याच्या वयाची सत्तर वर्षे अथवा शस्त्र बाळगण्याची पंचवीस वर्षे यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद त्यांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात ती एकवर आणण्याचा प्रस्ताव होता, पण आक्षेपांनंतर तो बदलण्यात आला. ही मर्यादा वारशाने आलेल्या शस्त्रांनाही लागू आहे. आजोबा, वडील आणि काका यांच्या तीन बंदुका एकाच वारसाकडे आल्या, तर त्यांतील एक घराबाहेर काढावीच लागते.

या कायद्यातील सर्वांत विचारप्रवर्तक तरतूद कलम ४५ (क) ही आहे. जे शस्त्र जुन्या घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असून दुरुस्तीसह अथवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही, त्याला कायदा लागू होत नाही. म्हणजे भारतीय कायद्याच्या दृष्टीने बंदुकीचे म्हातारपण वर्षांत मोजले जात नाही, तर ते क्षमतेत मोजले जाते. याउलट पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा शंभर वर्षांची अट घालतो. ऐतिहासिक महत्त्वाची आणि शतकापूर्वीची वस्तू त्या कायद्याने ‘पुरावशेष’ ठरू शकते व तिच्या खाजगी निर्यातीस बंदी आहे. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले असता एक विसंगती दिसते. शंभर वर्षांपूर्वी इशापूरला घडलेली चालू स्थितीतील रायफल वयाच्या निकषावर पुरावशेष होण्यास पात्र ठरते आणि क्षमतेच्या निकषावर शस्त्रही राहते. तिला परवान्याच्या जाचातून मुक्त करावयाचे तर ती कायमची निकामी करावी लागते, आणि निकामी करताना तिच्या घडणीचा पुरावा नष्ट होतो. जतन आणि सुरक्षितता यांच्यातील हा पेच सोडविण्यासाठी दोन्ही कायद्यांची यंत्रणा एकत्र बसत नाही, ही या व्यवस्थेची खरी उणीव होय. परवाने सैल करावेत असा येथे आग्रह नाही. जुनी ठासणीची बंदूकही माणूस मारू शकते. कोकणात रानडुकराच्या शिकारीत झुडपातील हालचालीवर झाडलेली गोळी सोबत्यालाच लागल्याच्या घटना घडल्या आहेत. प्रश्न परवान्याचा नसून जमा झालेल्या, मोडीत काढल्या जाणाऱ्या शस्त्राची कोणी अभ्यासक पाहणी करतो की नाही, हा आहे.

कोडगूमधील व्यवस्था या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. तेथे कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा होते, आणि जन्ममृत्यूच्या प्रसंगी बार काढण्याची रीत आहे. बंदूक हा तेथे समूहाच्या सामाजिक जीवनाचा घटक राहिला आहे. तथापि ही सूट वसाहतीच्या काळात निष्ठेच्या आणि ‘लढवय्या’ जमातींच्या हिशेबातून मिळाली, हेही विसरता येत नाही. हलगलीच्या बेरडांना फाशी आणि कोडवांना सूट या दोन्ही गोष्टी एकाच सत्तेच्या निर्णयातून आल्या. आज ज्याला आपण एखाद्या समाजाची परंपरा म्हणतो, तिच्या मुळाशी कोणाला शस्त्र ठेवू दिले व कोणाचे काढून घेतले याचा इतिहास असतो.

४. संग्रहालयातील मौन

संग्रहालय हे जुन्या बंदुकीचे सर्वांत सन्मानाचे ठिकाण मानले जाते. परंतु महाराष्ट्रातील व बाहेरील शस्त्रदालने पाहताना बहुतेक ठिकाणी ‘बंदूक, अठरावे शतक’ किंवा ‘तोड्याची बंदूक, मराठाकालीन’ एवढीच पाटी आढळते. ती कोठून आली, कोणाकडून आली, नळी कोणी घडविली, दस्ता नंतर बदलला आहे काय, यांविषयी माहिती नसते. तलवारीवर नाव कोरलेले असल्यास ते वाचले जाते. बंदुकीच्या नळीवरील खुणा मात्र गंजाखाली राहतात. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगारांची नावे तर कोठेच येत नाहीत.

नोंदीच्या अभावी काय घडते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण भगतसिंगांच्या पिस्तुलाचे आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे झालेल्या साँडर्स वधात वापरलेले .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल पुढे फिल्लौर येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेले व तेथून १९६९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्र प्रशिक्षण केंद्रात पोहोचले. तेथील संग्रहात ते इतर पिस्तुलांसोबत, गंज चढू नये म्हणून काळा रंग दिलेल्या अवस्थेत, अनेक वर्षे होते. २०१६ मध्ये रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक उघड झाला, तो खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला आणि मग त्या पिस्तुलाची ओळख पटली. २०१७ मध्ये ते पंजाबातील हुसैनीवाला येथील संग्रहालयात हलविण्यात आले. येथे निष्काळजीपणा झाला असे म्हणता येत नाही. रंग देणाऱ्याने शस्त्राची काळजीच घेतली होती. परंतु ज्या काळजीने धातू वाचला, तिनेच ओळख झाकली. क्रमांक आणि कागद यांची गाठ नसेल, तर सुस्थितीतील वस्तूही मुकी राहते.

चंद्रशेखर आझाद यांच्या कोल्ट पिस्तुलाचा प्रवास याहून वेगळा आहे. ते पोलीस अधिकारी नॉट-बॉवर यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडला नेले. स्वातंत्र्योत्तर काळात ते भारतात परत आले आणि अलाहाबाद संग्रहालयात ठेवले गेले. एका पक्षाचे विजयचिन्ह हे दुसऱ्या पक्षाचे स्मृतिचिन्ह बनले. वस्तू तीच राहिली, पण तिची पाटी बदलली. याच अंगाने विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेचाही विचार करता येतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेलेली ही प्रचंड तोफ परांड्याहून विजापूरला आली. १८५४ मध्ये तिचा लिलाव पुकारला गेला, दीडशे रुपयांची बोली लागली आणि अखेर व्यवहार रद्द झाला. अन्यथा ज्या तोफेच्या मुखावर सिंहाच्या जबड्यात सापडलेला हत्ती कोरला आहे, ती भंगार म्हणून वितळली असती. अशा कित्येक तोफा व बंदुका खरोखरच वितळल्या. आपण संग्रहालयात पाहतो तो शस्त्रांचा इतिहास नसून वितळण्यातून वाचलेल्या शस्त्रांचा इतिहास आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

५. बाजार आणि दिनांक

जी बंदूक घरात राहिली नाही व संग्रहालयातही गेली नाही, ती बाजारात जाते. या संदर्भात नेपाळमधील घटना अभ्यसनीय आहे. काठमांडू येथील लगन सिलेखान्यात एकोणिसाव्या शतकातील हजारो बंदुका साठविलेल्या होत्या. त्यांत ब्राउन बेस, ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री यांच्यासोबत गहेंद्र शमशेर राणा यांच्या नावाने ओळखली जाणारी, नेपाळातच घडलेली गहेंद्र रायफलही होती. २००३ मध्ये हा साठा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला. आज देवनागरी अंक कोरलेल्या त्या बंदुका अमेरिकेतील संग्राहकांच्या भिंतींवर आहेत.

या व्यवहारामागे अमेरिकी कायद्यातील एक दिनांक आहे. तेथील १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी घडविलेले शस्त्र ‘पुरातन’ ठरते व बहुतांश नियंत्रणातून सुटते. भारतीय कायदा विचारतो, ‘ही चालते काय?’, अमेरिकी कायदा विचारतो, ‘ही कधीची?’ पहिल्या प्रश्नामुळे बंदूक निकामी होते, दुसऱ्यामुळे ती विक्रेय होते. कोपिटॉफ यांच्या मांडणीतील माल आणि एकमेव वस्तू हा हेलकावा येथे कायद्यातील एका वर्षाने ठरतो.

बाजारात वारसा हा शब्दही किंमत वाढविण्यासाठी वापरला जातो. श्रीरंगपट्टण येथून टिपू सुलतानाच्या पाडावानंतर नेलेली काही शस्त्रे इंग्लंडमधील बर्कशायर येथील एका घराच्या माळ्यावर सापडली आणि मार्च २०१९ मध्ये त्यांचा लिलाव झाला. त्यांत चांदीचे मढणकाम केलेली चकमकीची बंदूकही होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याच्या वंशजांकडील हा ‘कौटुंबिक वारसा’ होता. १७९९ ची लूट दोन शतकांत वारसा बनते. पिढ्या उलटल्याने वस्तूवरील हक्क शुद्ध होतो काय, हा प्रश्न लिलावाच्या सूचीत नसतो.

बाजाराची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. खैबर परिसरातील दर्रा आदम खेल येथील कारागिरांनी मार्टिनी-हेन्रीपासून पुढील घडणींच्या हुबेहूब नकला केल्या, आणि १९८० च्या दशकात अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याविरुद्ध ली-एनफिल्ड पुन्हा मैदानात आली. यावरून असे दिसते की, जुनी बंदूक अंतिमतः ‘जुनी’ होतेच असे नाही. काडतूस उपलब्ध असेल तोवर तिचे पुनरागमन संभवते.

६. साहित्य, भाषा आणि नळीसमोरचा माणूस

साहित्यातील जुन्या बंदुकीचा विचार केल्याशिवाय ही चिकित्सा पूर्ण होणार नाही. किपलिंगच्या सरहद्दीवरील गणिताच्या १८८६ मधील कवितेत महागडे शिक्षण घेतलेला इंग्रज अधिकारी दहा रुपयांच्या जेझैलने मारला जातो. जुन्या, स्वस्त शस्त्राने नव्या साम्राज्याचा हिशेब बिघडविला, हे या कवितेचे मर्म आहे. तथापि कवी शिक्षणाचा खर्च मोजतो, बंदुकीची किंमतही मोजतो; ती झाडणाऱ्याला मात्र तो नाव देत नाही. ऑर्वेलच्या हत्तीच्या शिकारीवरील १९३६ मधील निबंधात निवेदक प्रथम जुनी .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. हत्ती मारण्यास ती अपुरी आहे हे त्याला ठाऊक असते. ती आवाजासाठी, धाकासाठी असते. जुन्या बंदुकीचे प्रशासकीय प्रयोजन इतक्या नेमकेपणे क्वचितच सांगितले गेले आहे. तरीही या दोन्ही लेखनांत दृष्टी बंदुकीच्या दस्त्यामागे उभ्या असलेल्याची किंवा त्याच्या पक्षाची आहे.

याच्या तुलनेत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) वेगळा ठरतो. द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेला वरसईचा हा भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशी शहरात अडकला. तोफांचा मारा, घरांवर पडणारे गोळे आणि शहर पडल्यावरची कत्तल त्याने आतून पाहिली. त्याच्या हाती शस्त्र नव्हते, आणि म्हणूनच त्याच्या वृत्तांतात शस्त्राचे वर्णन त्याच्या परिणामातून येते. वस्तूच्या चरित्रात ज्या चौथ्या व्यक्तीची उणीव आरंभी नोंदविली, तिचा आवाज मराठीत या भिक्षुकाच्या लेखनात मिळतो. शस्त्रदालनातील १८५७ च्या बंदुकीशेजारी ‘माझा प्रवास’ मधील साक्षीचा निर्देश का नसावा, असा प्रश्न यातून पुढे येतो.

भाषा हेही जुन्या बंदुकीचे एक आश्रयस्थान आहे. लग्नाचा बार उडतो, वक्त्याचा बार फुसका निघतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते, दोषी नसलेल्याला तोफेच्या तोंडी दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तेव्हा ‘रंजक’ म्हणजे बंदुकीच्या कानात घालावयाची दारू हा अर्थ रूढ होता. आज त्या शब्दाचा केवळ मनोरंजक हाच अर्थ उरला आहे. परवाना, पावती किंवा पाटी यांपैकी कशाचीही गरज न लागता बंदूक भाषेत राहिली. मात्र येथेही किंमत मोजावी लागली. तोफेच्या तोंडी देणे ही एके काळी प्रत्यक्षात दिली जाणारी देहदंडाची शिक्षा होती. सभेतील विनोदात हा वाक्प्रचार वापरताना त्या देहाची आठवण कोणालाही होत नाही.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, कायदा बंदुकीचे सामर्थ्य काढून घेतो, संग्रहालय तिचे चरित्र, बाजार तिचे स्थळ, घर तिचा दोष आणि भाषा तिची वेदना. प्रत्येकाची गरज रास्त आहे. समाजाला सुरक्षितता हवी, संग्रहालयाला जागा मर्यादित आहे, कुटुंबाला अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट हवी. परंतु या सर्वांची बेरीज विस्मरणात होते. म्हणून काही किमान अपेक्षा मांडणे आवश्यक वाटते. जमा झालेले शस्त्र मोडीत काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, मापे, क्रमांक आणि खुणा नोंदवून पुरातत्त्व विभागास कळविले जावे. वारसाला परवाना देताना त्या शस्त्राविषयी कुटुंबाला ठाऊक असलेली माहिती अर्जासोबत टिपून घेतली जावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील अशा घरांतून मौखिक साक्षी गोळा कराव्यात. हे काम विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे आहे. आणि शस्त्रदालनातील पाटीवर ‘कोणाची’ या प्रश्नासोबत ‘कोणावर’ या प्रश्नासाठीही एक ओळ मोकळी ठेवली जावी. उत्तर मिळाले नाही, तर ती रिकामी राहू द्यावी.

ठासणीची जुनी बंदूक हाताळणाऱ्या जाणकाराची एक रीत आहे. तो प्रथम गज नळीत अडेल तेथपर्यंत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहतो. गज कानापर्यंत पोहोचला नाही, तर आत अद्याप बार भरलेला आहे असे समजावयाचे. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक पिढ्यांनंतरही पेट घेऊ शकते. भिंतीवर टांगलेल्या कित्येक बंदुका अशा भरलेल्या अवस्थेतच वारसांकडे आल्या आहेत. वारशाचा अभ्यास करणाऱ्यानेही हीच रीत पाळावी. कौतुक करण्यापूर्वी आत काय उरले आहे हे मोजून पाहावे. कोकणातील त्या घरातील पावतीवर बंदुकीचा क्रमांक आहे, जमा केल्याची तारीख आहे. ती कोणी घडविली आणि तिच्यामुळे कोणाचे काय झाले, हे त्या वृद्ध स्त्रीला ठाऊक आहे. ते अद्याप कोणी विचारलेले नाही.